ट्रॅफल्गार चौक : चबुतरे कोणाचे, जमीन कोणाची?

एखाद्या समाजाने कोणाला मोठे मानले हे समजून घ्यायचे असेल, तर त्याचे ग्रंथ चाळण्याआधी त्याच्या शहरातल्या चौकात जाऊन उभे राहावे. ग्रंथ मूठभरांसाठी असतात. चौकातला पुतळा मात्र जो वाचू शकत नाही त्यालाही रोज काहीतरी सांगत असतो. मान वर करून कोणाकडे पाहायचे, हे तो सांगतो. चौकाची जमीन वेगळे काही सांगते. तिथे उभे राहण्याचा, बोलण्याचा, जमण्याचा हक्क कोणाला आहे, याचा निकाल जमिनीवर लागतो. चबुतरा आणि जमीन यांच्यातले हे भांडण जिथे दीडशेहून अधिक वर्षे उघडपणे चालले आहे अशा एका चौकाची माहिती या लेखात द्यावयाची आहे. तो चौक म्हणजे लंडनचा ट्रॅफल्गार चौक.

हा चौक निवडण्याला कारण आहे. लंडन म्हटले की आपल्या मनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडन येते. १९१६ साली आणि पुन्हा १९२० ते १९२३ या काळात ते ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, ती संस्था स्ट्रँड या रस्त्याच्या पूर्व टोकाजवळ आहे. त्याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला ट्रॅफल्गार चौक आहे. अंतर मैलभरसुद्धा नाही. चौकातून दक्षिणेला व्हाइटहॉल हा सरकारी कचेऱ्यांचा रस्ता निघतो. ज्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बाबासाहेब वाचीत बसत, ते त्याच बाजूला होते. गोलमेज परिषदा जिथे भरल्या तो सेंट जेम्स राजवाडाही इथून पायी जाण्याच्या अंतरावर. आपल्या गुलामीचे कागद ज्या कचेऱ्यांत तयार झाले आणि आपल्या मुक्तीचे कागद ज्या ग्रंथालयांत लिहिले गेले, त्यांच्या मधोमध हा चौक आहे. मी एका परिषदेच्या निमित्ताने तिथे आठ दिवस होतो तेव्हा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत असे. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. जे दिसले त्याच्या मागचा इतिहास सांगायचा आहे.

प्रथम जागेविषयी. आज चौक आहे तिथे पूर्वी राजाचे तबेले होते. या परिसराला चेरिंग क्रॉस म्हणतात, आणि लंडनपासूनची अंतरे आजही इथूनच मोजतात. चौकाच्या दक्षिण कडेला पहिला चार्ल्स या राजाचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो १६३३ सालचा. १६४९ साली पार्लमेंटने या राजाचे डोके उडवले आणि त्याचा पुतळा एका तांबटाला मोडीत विकला. जॉन रिव्हेट हे त्या तांबटाचे नाव. त्याने पुतळा मोडलाच नाही, तो लपवून ठेवला. वर त्याच पुतळ्याच्या धातूच्या म्हणून सुऱ्यांच्या मुठी आणि लहानसहान वस्तू विकून पैसे केले. राजेशाही परत आली तेव्हा पुतळाही बाहेर आला आणि १६७५ साली आज आहे त्या जागी बसला. राजाला मृत्युदंड देणाऱ्यांपैकी काहींना १६६० साली याच ठिकाणी हालहाल करून मारण्यात आले होते. पुतळ्यांना सत्ता बसवते, सत्ताच उतरवते आणि सत्ताच परत आणते, हा पहिला धडा चौक तयार होण्याच्या आधीच या जागेने दिला आहे.

तबेले हलवून इथे मोकळा चौक करावा ही कल्पना १८२० नंतरच्या दशकात जॉन नॅश या वास्तुशिल्पकाराने मांडली. प्रत्यक्ष आखणी चार्ल्स बॅरी याने केली आणि १८४४ साली चौक लोकांना खुला झाला. नाव मिळाले १८०५ सालच्या ट्रॅफल्गारच्या आरमारी लढाईवरून. स्पेनच्या किनाऱ्याजवळ फ्रान्स आणि स्पेन यांच्या संयुक्त आरमाराचा इंग्रजांनी पराभव केला आणि त्या लढाईत त्यांचा सेनापती नेल्सन मारला गेला. या विजयाने समुद्रावरचे इंग्रजांचे वर्चस्व निर्विवाद झाले. पुढची शंभर वर्षे मुंबईपासून जमैकापर्यंत जे साम्राज्य उभे राहिले, ते या वर्चस्वाच्या आधारावर. तेव्हा चौकाचे नाव हेच मुळी साम्राज्याचे नाव आहे.

चौकाच्या मध्यभागी नेल्सनचा स्तंभ आहे. १८४० ते १८४३ या काळात तो बांधला गेला. आराखडा विल्यम रेल्टनचा, माथ्यावरचा पुतळा बेलीचा. उंची १८५ फूट असल्याचे अनेक वर्षे पुस्तकांतून छापले जात होते. २००६ साली डागडुजीच्या वेळी नीट मोजली तेव्हा ती सुमारे १६९ फूट भरली. थोर पुरुषांची उंची मोजायला कोणी वर चढत नाही तोवर ती वाढीव राहते, असे म्हणावयास हरकत नाही.

या स्तंभाचे दगड ज्यांनी घडवले त्यांची गोष्ट मात्र चबुतऱ्यावर कोरलेली नाही. पार्लमेंटची नवी इमारत आणि हा स्तंभ, दोन्ही कामे एकाच ठेकेदार कंपनीकडे होती. १८४१ साली पार्लमेंटच्या कामावरील पाथरवटांनी मुकादमाच्या जाचाविरुद्ध संप केला आणि स्तंभावरचे पाथरवट त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे पुतळा वर चढविण्याच्या थोडे आधी, चौदा पाथरवटांनी स्तंभाच्या माथ्यावर बसून जेवण केले अशी नोंद आहे. म्हणजे त्या उंचीवर नेल्सनच्या आधी कामगार बसले होते. नंतर ते खाली उतरले आणि नेल्सन कायमचा वर गेला.

स्तंभाच्या पायाशी चार बाजूंना काशाची चार उठावचित्रे आहेत, नेल्सनच्या चार लढायांची. त्यांतल्या दक्षिण बाजूच्या चित्रात नेल्सनचा मृत्यू दाखविला आहे. डाव्या बाजूला हातात बंदूक घेतलेला एक खलाशी उभा आहे. तो काळा आहे. चित्रकाराने दया म्हणून त्याला तिथे उभे केलेले नाही. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या हजेरीपटावर वेस्ट इंडीजमध्ये आणि भारतात जन्मलेले खलाशीही होते. नेल्सन मात्र कोणाच्या बाजूचा होता? १८०५ साली जमैकातील एका बड्या मळेवाल्याला लिहिलेल्या खाजगी पत्रात त्याने गुलामांचा व्यापार बंद करू पाहणाऱ्या विल्बरफोर्सच्या मंडळींवर टीका केली होती. मळेवाल्यांच्या बाजूने ते पत्र पुढे छापले गेले, तेव्हा त्यातला मजकूर आणखी भडक करण्यात आला, हे अलीकडे उघड झाले आहे. पण मूळ पत्रातही सहानुभूती मळेवाल्यांकडेच होती. गुलामगिरीच्या बाजूचा सेनापती १६९ फुटांवर, आणि गुलामांच्या रक्ताचा खलाशी त्याच्या पायाशी. इतिहासातली ही मांडणी आपल्या परिचयाची आहे.

चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार मोठे चबुतरे आहेत. ईशान्येला चौथा जॉर्ज राजा घोड्यावर बसला आहे. दक्षिणेकडचे दोन चबुतरे दोन सेनापतींचे आहेत आणि ते दोघेही हिंदुस्थानातल्या कामगिरीबद्दल इथे आहेत. सर हेन्री हॅवलॉक १८५७ साली कानपूर-लखनौच्या मोहिमेवर होता आणि त्याच वर्षी लखनौला मेला. त्याचा पुतळा १८६१ सालचा. नानासाहेबाच्या बंडाकडे पाहण्याची आपली दृष्टी पांढरपेशा इतिहासकारांहून वेगळी आहे. पेशवाई परत येण्यात अस्पृश्यांना काहीही मिळवायचे नव्हते. पण म्हणून हॅवलॉक आपला होत नाही. एका मालकाचा शत्रू म्हणजे आपला मित्र, हा हिशोब आपल्या पूर्वजांनी लष्करात भरती होऊन केला, आणि तो हिशोब शेवटी किती कच्चा ठरला हे दुसऱ्या पुतळ्यापाशी कळते.

तो पुतळा सर चार्ल्स नेपियरचा. १८४३ साली मियानीच्या लढाईत त्याने सिंध जिंकला. पुढे १८४७ साली सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९३६ पर्यंत तो आपल्याच इलाख्याचा भाग होता. मियानीला लढलेल्या फौजेत मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या. या लष्करात त्या काळी महार शिपायांची भरती होत असे. नेपियरच्या चबुतऱ्यावर एक ओळ कोरलेली आहे. तिचा आशय असा की हा पुतळा लोकांच्या वर्गणीतून उभारला असून वर्गणीदारांत सर्वाधिक संख्या साध्या शिपायांची आहे. पुतळा १८५६ साली उभा राहिला. ती ओळ वाचून मी बराच वेळ तिथे थांबलो. शिपायाने पै-पैसा जमवून सेनापतीला उंचावर बसविले. हॅवलॉकच्या चबुतऱ्यावरही त्याचे शब्द आहेत. शिपायांचे कष्ट आणि शौर्य कृतज्ञ देश विसरणार नाही, असे आश्वासन त्यांत आहे. १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. चबुतऱ्यावर कोरलेल्या आश्वासनाची मुदत इतकीच होती.

नेपियरविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वर्ग आणि वसाहत यांचा संबंध दाखवते. सिंधला येण्याआधी १८३९ साली तो उत्तर इंग्लंडमधील फौजेचा प्रमुख होता. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा हक्क मागणारी गिरणी कामगारांची आणि कारागिरांची चार्टिस्ट चळवळ तेव्हा जोरात होती. तिला आवरणे हे त्याचे काम. त्याला त्या गरिबांबद्दल मनातून कणव होती आणि त्याने शक्यतो रक्तपात टाळला. तोच माणूस पुढे सिंधमध्ये अमिरांच्या फौजेवर तुटून पडला. व्यक्ती चांगली की वाईट, हा प्रश्न इथे अपुरा पडतो. ज्या यंत्रणेत माणूस बसतो ती यंत्रणा त्याच्याकडून काम करून घेते.

या चौकात फक्त लढणाऱ्यांनाच जागा होती, याचा पुरावाही आहे. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरचा पुतळा १८५८ साली इथे बसविण्यात आला. सेनापतींच्या पंक्तीत हा वैद्य कशाला, अशी कुरकुर झाली आणि १८६२ साली त्याला उचलून केन्सिंग्टन बागेत नेऊन ठेवले. ज्याच्या शोधाने जगभर अगणित जीव वाचले, त्याला या पंक्तीतून उठविण्यात आले. पंक्तीतून उठविणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हा झाला चबुतऱ्यांचा इतिहास. आता जमिनीचा.

चौक खुला होऊन चार वर्षे झाली नाहीत तोच, ६ मार्च १८४८ रोजी इथे सभा भरली. मूळ सभा प्राप्तिकराच्या विरोधात होती. सरकारने बंदी घातल्याबरोबर बोलावणारा मागे सरला. मग जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स अध्यक्षस्थानी उभा राहिला आणि सभा चार्टिस्टांची झाली. पोलिसांशी चकमकी तीन दिवस चालल्या. हा रेनॉल्ड्स म्हणजे तोच कादंबरीकार, ज्याच्या अद्भुत कथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वाचकांनी मिटक्या मारीत वाचल्या आणि मराठी लेखकांनी गिरवल्या. त्याचे रहस्य आपल्याकडे आले, त्याची सभा आली नाही. इंग्रजीतून काय घ्यायचे आणि काय गाळायचे याची निवड आपला पांढरपेशा वर्ग तेव्हापासूनच करीत आला आहे.

गर्दीची भीती सत्तेला आधीपासून होती. चौकात कारंजी बांधली गेली त्यामागे शोभेबरोबरच जमावाला मोकळी जागा कमी पडावी हाही हेतू होता, असे सांगितले जाते. (आजची कारंजी नंतरची आहेत. ती एडविन लट्येन्सची, म्हणजे नवी दिल्लीच्या शिल्पकाराची.)

१८८७ साली खरी परीक्षा झाली. मंदीचे दिवस होते. बेकार आणि बेघर माणसे चौकातच रात्री काढीत होती. दिवसा सभा होत. नोव्हेंबरमध्ये पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन याने चौकात सभांना बंदी केली. १३ नोव्हेंबर, रविवार. कामगारांचे, समाजवाद्यांचे आणि आयर्लंडच्या बाजूच्या लोकांचे मोर्चे शहराच्या चारी दिशांनी चौकाकडे निघाले. तुरुंगातील एका आयरिश पुढाऱ्याची सुटका ही एक मागणी होती. पण त्याहून मोठी मागणी चौकाचीच होती. सुमारे दोन हजार पोलीस आणि चारशे सैनिक तिथे उभे होते. मोर्चे चौकात पोहोचण्याआधीच लाठ्यांनी फोडण्यात आले. अनेकांची डोकी फुटली. कनिंगहॅम ग्रॅहम हा पार्लमेंटचा सभासद आणि जॉन बर्न्स हा कामगार पुढारी, दोघांना अटक झाली आणि पुढे सहा आठवड्यांची कैद. पुढे भारतात येऊन काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंट त्या दिवशी मोर्चेकऱ्यांत होत्या. इतिहासात या दिवसाला ‘रक्तरंजित रविवार’ म्हणतात. पुढच्याच रविवारी चौकाजवळच्या रस्त्यावर आल्फ्रेड लिनेल नावाचा एक सामान्य माणूस पोलिसांच्या घोड्याखाली सापडला आणि नंतर मेला. त्याच्या अंत्ययात्रेला अफाट लोक लोटले आणि विल्यम मॉरिस या कवीने त्याच्यासाठी गीत लिहिले. या चौकात लिनेलचा पुतळा नाही.

१८९२ साली गृहमंत्री ॲस्क्विथ याने बंदी उठवली. शनिवारी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी, आधी सूचना देऊन, सभा घेता येईल असे ठरले. म्हणजे हक्क मिळाला, पण कामाच्या दिवशी नव्हे, आणि विचारून. तरीही त्या फटीतून पुढचे सारे आत आले. १९०८ साली मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांची सभा इथे झाली आणि तिथे वाटलेल्या पत्रकाबद्दल पँकहर्स्ट मायलेकींना तुरुंगात जावे लागले. तेव्हा पंतप्रधान तोच ॲस्क्विथ होता. पुरुष कामगारांना चौक देणारा उदारमतवादी स्त्रियांना मत द्यायला तयार नव्हता! १९१४ साली चौकाच्या उत्तरेला असलेल्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात शिरून मेरी रिचर्डसन हिने व्हीनसच्या एका प्रसिद्ध चित्रावर सुरा चालवला. हे संग्रहालयही सरळ पाहता येत नाही. १८२४ साली सरकारने ५७ हजार पौंडांना विकत घेतलेली ३८ चित्रे हा त्याचा पाया, आणि ती चित्रे होती जहाजांच्या विम्यावर श्रीमंत झालेल्या अँगरस्टाइनची. त्या काळच्या जहाजांच्या विम्यात गुलाम वाहणारी जहाजेही येत. मात्र आज हे संग्रहालय सर्वांना विनामूल्य आहे, हेही सांगितले पाहिजे. दाराशी कोणी कोण म्हणून विचारीत नाही. ईशान्य कोपऱ्यावर सेंट मार्टिनचे चर्च आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या डिक शेपर्ड या धर्मगुरूने चर्चचे तळघर बेघरांसाठी उघडले आणि ती परंपरा पुढेही चालली.

चौकाच्या पूर्वेला १९३३ साली दक्षिण आफ्रिका हाउस उभे राहिले. त्याचा शिल्पकार हर्बर्ट बेकर, हाही नवी दिल्लीचाच. वर्णभेदी राजवटीची ही कचेरी होती. १९ एप्रिल १९८६ पासून काही तरुण कार्यकर्त्यांनी तिच्यासमोरच्या पदपथावर धरणे धरले. रात्र, पाऊस, बर्फ, पोलीस, काहीही असो, ते धरणे मोडले नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला सुटल्यावरच ते उठले. १९९६ साली मंडेला त्याच इमारतीच्या सज्जात राष्ट्राध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि खाली चौक माणसांनी भरला होता. एक नेल्सन स्तंभावर, एक सज्जात. ३१ मार्च १९९० रोजी श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच बसणाऱ्या माणशी कराविरुद्ध सुमारे दोन लाख लोक इथे जमले, दंगल झाली, आणि त्याच वर्षी थॅचरबाईंना पद सोडावे लागले.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर तुलना फसवी होईल. लंडनच्या गरिबाला चौकातून हाकलले ते तो जमतो म्हणून. आपल्या माणसाला तळ्यावरून हाकलले ते तो आहे म्हणून. बाबासाहेब १९२३ साली लंडनहून परतले. त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेने तळे कागदावर खुलेही केले. पण २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्ष पाण्याला हात लावावा लागला, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला, आणि डोकी तिथेही फुटली. ट्रॅफल्गार चौक काय, चवदार तळे काय, ‘सार्वजनिक’ हा शब्द कायद्यात लिहिला म्हणून जागा सार्वजनिक होत नाही. माणसांनी ती पायांनी आणि ओंजळींनी करावी लागते. कायद्याने पाहिले तर ट्रॅफल्गार चौक आजही राजसत्तेच्या नावे आहे, १९९९ च्या कायद्याने त्याची व्यवस्था लंडनच्या महानगर शासनाकडे आली, आणि सभेला आजही परवानगी लागते.

शेवटी चौथा चबुतरा. वायव्य कोपऱ्यावरचा हा चबुतरा चौथ्या विल्यम राजाच्या पुतळ्यासाठी १८४१ च्या सुमारास बांधला. राजाच्या पुतळ्याला पैसे पुरले नाहीत आणि तो दीडशे वर्षे रिकामा राहिला. १९९९ पासून त्यावर काही काळापुरती शिल्पे ठेवण्याची पद्धत सुरू झाली. २००० साली महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी नेपियर आणि हॅवलॉक यांना हलवावे, ते कोण हेच लोकांना माहीत नाही, असे म्हटले. खूप आरडाओरड झाली, आणि दोघेही जागेवरच राहिले. पण चौथ्या चबुतऱ्यावर मात्र वेगळी माणसे येऊ लागली. २००५ साली जन्मतः हात नसलेल्या आणि गरोदर असलेल्या ॲलिसन लॅपर या स्त्रीचा संगमरवरी पुतळा तिथे बसला. २०१० साली नायजेरियन वंशाच्या यिंका शोनिबारे यांनी नेल्सनचे जहाज बाटलीत भरून ठेवले आणि त्याला आफ्रिकी कापडाची शिडे लावली.

मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते २०२२ साली तिथे बसलेल्या शिल्पाबद्दल. ते मलावीत जन्मलेल्या सॅमसन कांबालू यांचे. १९१४ च्या एका छायाचित्रावरून ते केले होते. त्यात दोन माणसे आहेत. एक जॉन चिलेंब्वे, आफ्रिकी धर्मोपदेशक. दुसरा त्याचा गोरा मित्र. दोघांच्याही डोक्यावर टोपी आहे. यात काय विशेष, असे परक्याला वाटेल. पण त्या वसाहतीत गोऱ्या माणसासमोर काळ्याने डोक्यावर टोपी ठेवायची नाही, असा दंडक होता. चिलेंब्वेने टोपी घालून छायाचित्र काढवून घेतले. दुसऱ्या वर्षी, १९१५ साली, त्याने मळेवाल्यांच्या आणि सरकारच्या जुलमाविरुद्ध उठाव केला आणि तो मारला गेला. शिल्पात चिलेंब्वे गोऱ्या मित्रापेक्षा कितीतरी मोठा केलेला होता.

टोपीचा अर्थ मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. वाड्यावरून जाताना पायातल्या वहाणा हातात घेऊन चालल्याचे माझ्या आजोबांनी मला सांगितले आहे. चिलेंब्वेचे शिल्प २०२४ साली नियमाप्रमाणे उतरले, कारण चौथ्या चबुतऱ्यावर कोणीच कायमचे राहत नाही. नेपियर, हॅवलॉक आणि राजा मात्र कायमचे आहेत. पाहुणे बदलतात, घरमालक बदलत नाहीत, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो खरा आहे. सत्ता कधी कधी एक कोपरा रिकामा ठेवते तो उरलेले तीन सुरक्षित राहावेत म्हणून. आपल्या साहित्यालाही असा एक चौथा चबुतरा देण्यात आला आहे की काय, याचा विचार आपण केला पाहिजे. वर्षातून एक परिसंवाद, पाठ्यपुस्तकात एक धडा, आणि बाकीचे चबुतरे जिथल्या तिथे.

तरीही मी निराश होऊन परतलो नाही. शेवटच्या संध्याकाळी चौकात कुठल्याशा मागणीसाठी पन्नासएक माणसे फलक धरून उभी होती. स्तंभाकडे त्यांच्यातल्या कोणाचीही मान वळलेली नव्हती. ती एकमेकांशी बोलत होती.